पोरीच्या डोक्यावरची शपथ

माझ्यासमोर कुणी शपथ घ्यायला लागलं की माझं डोकं फिरतं. शाळेतली, सभेतली शपथ सोडा, ती कुणी मनावर घेत नाही. मी म्हणतेय ती घरातली. देवाशप्पथ, आईशप्पथ, आणि सगळ्यात वाईट म्हणजे लेकराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली. भिसेगावातल्या आमच्या घरात याला बंदी आहे, हे आता सगळ्या नातेवाइकांना ठाऊक झालंय. नवरा तर मला डिवचायला मुद्दाम म्हणतो, "आईशप्पथ, आज आमटी झकास झालीय." मी त्याला काही बोलत नाही, कारण त्याला माझ्या रागाचं कारण माहीत आहे. अशाच एका शपथेनं एका मुलीला तिच्या आईपासून सहा-सात वर्षं तोडलं. ती आई दारूतून बाहेर यायला धडपडत होती, आणि ही शपथ तिच्याकडून तिच्या भल्यासाठी झटणाऱ्या माणसांनीच मागून घेतली होती.

मी एका लहानशा संस्थेत काम करते. व्यसनात अडकलेल्या आया आणि त्यांची पोरं, एवढंच आमचं काम. तेव्हा कशेळ्यात बाजारपेठेच्या मागे आमच्या दोन खोल्या होत्या. आतल्या खोलीत बाया बसत, बाहेरच्या पडवीत त्यांची पोरं खेळत. बैठक आम्ही बाजाराच्या दिवशीच ठेवायचो, म्हणजे बाईला घरी सांगता येई की बाजाराला जाऊन येते. परत जाताना हातात मेथीची जुडी घेऊन जायचं, हा आमचा नियम होता. पोरांसाठी मोठ्या पातेल्यात खिचडी असायची.

लोकांना या कामाचं नवल वाटायचं. बाप्या प्यायला तर "जरा घेतो" म्हणतात, जसं काही औषधच घेतो. बाई प्यायली की ती वाया गेली. मग ती चोरून पिते, चोरून आजारी पडते, आणि उपचार घ्यायचे तर तेही चोरूनच. शिवाय व्यसनमुक्तीची केंद्रं बहुतेक पुरुषांची. बायांना घेणारं एखादं सापडलंच तर तिथं पोरांना घेत नाहीत. मोठ्या शहरातून आमच्याकडे भाषण द्यायला येणाऱ्यांना मी नेहमी सांगायची, की दारूचे दुष्परिणाम या बायांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहेत. त्यांचा पहिला प्रश्न वेगळाच असतो. "मी तिथं जाऊन पडले तर पोराला कुठं ठिवू?"

ती आई आमच्याकडे आली ती खिचडीमुळे. तिची मुलगी शेजारच्या पोरांबरोबर आमच्या पडवीत जेवायला बसली होती आणि ती तिला शोधत आली. दारात उभी राहिली. आत बाया कसल्याशा विनोदावर खिदळत होत्या. ती मला म्हणाली, "इथं रडत नायत व्हय?" मी म्हटलं, "रडायला घर आहे की. इथं कशाला?" त्यावर ती हसली आणि चप्पल काढून आत आली. बुटकी, चपळ बाई होती. बोलता बोलता समोरच्याला चिमटा काढायची सवय.

तिचं माहेर लोधिवलीचं. शेती करणारं सरळमार्गी घर. दिली होती कशेळ्याच्या पुढच्या एका गावात. नवरा-बायको दोघंही गावाजवळच्या एका फार्महाऊसवर कामाला होते. तो राखणीला आणि बागेला, ती झाडलोट आणि स्वयंपाकाला. शनिवारी मुंबईच्या गाड्या यायच्या आणि रविवारी दुपारी जायच्या. त्या गेल्या की मागे राहिलेलं आवरायचं. उष्टी ताटं, ओले टॉवेल, आणि बाटल्या. बाटल्यांमध्ये थोडी थोडी उरलेली असायचीच. नवरा आपल्यापुरती गोळा करून घ्यायचा. एका रविवारी तिची पाठ फार दुखत होती, तर त्यानंच तिला घोटभर दिली. पुढचं ती आमच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगायची. "पयल्यांदा पाठ दुखते म्हणून घेतली. मग मी पाठ दुखायची वाट बघाया लागले." बाया हसायच्या. हसता हसता एकदोघी डोळे पुसायच्या.

आमच्याकडे आली तेव्हा ती रविवारची वाट बघायच्या पलीकडे गेली होती. सकाळी हात कापायचे. पाहुण्यांच्या काचेच्या बशा तिच्या हातून फुटल्या होत्या. मुलगी तेव्हा सात वर्षांची. या मुलीनं आईची परीक्षा घ्यायची एक युक्ती काढली होती. शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी म्हणायची, "आई, चटईला टाचणी टोचली, म्हण. पटपट." आईनं नीट म्हटलं, तर मुलगी खेळायला जायची. आईची जीभ अडखळली, तर ती गुपचूप चूल बघायची, भात झालाय का बघायची, नसला तर आजीकडून मागून आणायची, आणि आईला भिंतीकडे तोंड करून निजवायची. हे आम्हाला आईनंच सांगितलं. आधी गंमत म्हणून सांगायला लागली. मध्येच थांबली आणि मग पुष्कळ वेळ मेथीची जुडी सोडून परत बांधत राहिली.

तिला दाखल करायचं ठरलं. बायांना घेणारं केंद्र मिळालं ते पार पुण्याच्या बाजूला. मुलीचा प्रश्न तिच्या भावजयीनं सोडवला. ती लोधिवलीहून स्वतः आली. धिप्पाड, बडबडी, मनानं लोण्यासारखी बाई. देवधर्म, उपास, नजर, उतारा, सगळं तिच्याकडे होतं. मुलीला कडेवर उचलून म्हणाली, "चल गं, आपल्याकडं शेळी व्यालीय." मुलगी शेळीच्या नादानं न रडता गेली. मी तेव्हापासून तिला मामीच म्हणायला लागले, मुलगी म्हणायची म्हणून.

केंद्रातल्या डॉक्टरांनी आम्हाला एक गोष्ट निक्षून सांगितली होती. हा आजार आहे आणि त्यात घसरण होते. बाई बरी होते, महिने चांगले जातात, एखाद्या दिवशी पाय घसरतो. घसरली म्हणून सगळं संपत नाही. तिनं दुसऱ्या दिवशी उठून परत यायचं, आणि आपण दार उघडं ठेवायचं. मी हे इतक्या वेळा इतक्या बायांना सांगितलंय, की झोपेत उठवलंत तरी म्हणून दाखवीन.

ती बरी होऊन परत आली. सासरी तिला घरात घ्यायच्या दिवशी मी हजर राहायचं ठरलं होतं. सासू वाईट नव्हती, हे मला सांगितलंच पाहिजे. सून थरथरत पडलेली असायची तेव्हा पेज करून पाजणारी तीच होती. फक्त तिला एकदाची खात्री हवी होती. मी सकाळीच निघाले, पण कशेळ्याच्या नाक्यावर पुढची जीप काही भरेना. जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि त्या दिवशी गावाकडे जाणारं कुणी नव्हतंच. ड्रायव्हर टपरीवर चहा पीत बसला आणि मी त्याच्यावर चरफडत बसले. गावात पोचले तेव्हा गूळखोबरं वाटून चाललं होतं.

सासू पुढं आली. तिचा चेहरा उजळला होता. "आता काय बी काळजी नाय ताई. हिनं पोरीच्या डोक्यावर हात ठिवून शपत घेतली. परत तोंडाला लावली तर पोरीवर येईल म्हनली."

माझं टाळकंच सरकलं. मी म्हटलं, "आजी, आजार आहे हा. खोकल्याला शपथ घालता का तुम्ही?" सगळे हसले. सूनही हसली. मी घसरणीचं सगळं परत सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. नवऱ्यानं मान डोलावली. सासूनं माझ्या हातात गुळाचा खडा ठेवला. सून माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "असू द्या ताई. मलाच बरं वाटलं. आता मला धाक राह्यला." तिचे डोळे इतके स्वच्छ दिसत होते, की मला पुढं बोलवेना.

लोधिवलीहून आणलेल्या मुलीला पाटावर बसवलं होतं. डोक्याला भरपूर तेल, दोन घट्ट वेण्या, कपाळावर कुंकवाचा मोठा टिळा. मोठी माणसं आपापसात बोलत होती. ती माझी ओढणी ओढून म्हणाली, "मावशी, खोबरं अजून हाय का?" मी माझ्या वाट्याचं तिला दिलं.

पुढचे महिने सुखाचे गेले. ती दर बाजाराला यायची, खिचडीचं पातेलं तिच्याच ताब्यात असायचं, आणि नवीन आलेल्या बाईला ती माझ्यापेक्षा लवकर बोलतं करायची. एकदा तक्रारीच्या सुरात म्हणाली, "ताई, पोरगी आता टाचणीचं इचारतच नाय वो." मी म्हटलं, "मग तूच म्हणून दाखव." तिनं एका दमात तीनदा म्हणून दाखवलं, आणि पडवीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मग वर्षअखेरीच्या पार्ट्या आल्या. फार्महाऊसचं काम सोड, असं आम्ही तिला सांगत होतो, ती दुसरं काम शोधतही होती. तोवर ते दिवस आले. गाड्या गेल्या, ती आवरायला गेली, आणि एका बाटलीत उरलेली तिनं तोंडाला लावली. घोट-दोन घोट असतील. आमच्या हिशेबात याला घसरण म्हणतात. तिनं पुढच्या बाजाराला यायचं, सांगायचं, आम्ही तिला चहा द्यायचा आणि पुढं चालू लागायचं. पण त्याच आठवड्यात मुलीला ताप आला. साधा नव्हता. अंगावर पुरळ उठलं, पोरीच्या पोटात पाणीसुद्धा ठरेना. कर्जतच्या दवाखान्यात दाखल केली.

मी भिसेगावहून चालत गेले. आई दवाखान्याच्या फाटकाबाहेर, रिक्षा उभ्या राहतात तिथं बसली होती. आत सासू होती, नवरा होता. मी म्हटलं, "अगं, इथं काय करतेस? चल आत." ती मागं सरकली. "मी नाय येत ताई. तोंडाला वास हाय." मला वाटलं, शरम वाटतेय. मी म्हटलं, "वास जातो. उद्या ये." दुसऱ्या दिवशी वास नव्हता, तरी ती तिथंच. पेजेचा डबा घेऊन आली होती. तो माझ्या हातात दिला, म्हणाली, "तुमीच भरवा." मी तिला सांगितलं, डॉक्टर म्हणाले हा डासांचा ताप आहे, वॉर्डात अशी आणखी पोरं पडलीत. तिनं शहाण्यासारखी मान हलवली. मग म्हणाली, "डास सगळ्यांनाच चावतात ताई. मग हिलाच का?"

आईचं काळीज, असं मी समजले. आई असंच बोलते, असं मला वाटलं. आज ते वाक्य आठवलं की मी जिथं असेन तिथं खाली बसते.

मुलगी बरी झाली. घरी नेली त्या दिवशी आई गावात नव्हती. दोन दिवसांनी कळलं की ती घर सोडून गेली. कुठं, ते कुणाला सांगता येईना. नवरा म्हणाला, बाटलीपायी गेली. गाव तेच म्हणालं. सासूनं कपाळाला हात लावला. शेवटी मामी परत आली आणि मुलीला लोधिवलीला घेऊन गेली. या वेळी शेळीचा विषय निघाला नाही. मुलगी कुणाकडे न बघता जीपमध्ये चढली.

काही महिन्यांनी मला तिचा पत्ता लागला. खालापूरच्या बाजूला एका मंगल कार्यालयात ती जेवणावळींची भांडी घासत होती, आणि मागच्याच खोलीत राहत होती. मी गेले. तिनं मला बघून काम थांबवलं नाही. एकच विचारलं, "बरी हाय ना ती?" मी हो म्हटलं. "मग झालं." मी तिला घसरणीचं पुन्हा सांगितलं. एका घोटानं काही संपत नाही, म्हटलं. ती म्हणाली, "तुमच्यात नसंल संपत." आणि मग, "परत येऊ नका ताई." तिच्या तोंडाला वास होता. मी खूप चिडले. परतीच्या बसमध्ये तिला मनातल्या मनात काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

वर्षं गेली. मी लोधिवलीला अधूनमधून जात राहिले. मुलगी मामीकडे चांगली वाढत होती. अभ्यासात बरी, पळण्यात पहिली. आईचं नाव ती कधी काढायची नाही. मात्र दर दिवाळीला आईकडून कुणाबरोबर तरी तिच्यासाठी फ्रॉक यायचा. तो प्रत्येक वेळी लहान निघायचा. आईनं तिला शेवटचं बघितलं ते सात वर्षांची असताना, आणि त्यापुढं ती अंदाजानं वाढवत होती. अंदाज दर वर्षी कमी पडत होता. मामी आधी उसवून, दुमड सोडून बसवायची. पुढं फ्रॉक बसेनासे झाले, तेव्हा ते घडी करून ट्रंकेत जायला लागले.

गेल्या उन्हाळ्यात मी अशीच गेले होते. मामी अंगणात खाटेवर कुरडया घालत होती. शेळी खुंट्याला बांधलेली होती, पहिल्या शेळीची नात असेल. तेवढ्यात मामीनं नव्या फ्रॉकची पिशवी दाखवली. यंदा तो दिवाळीच्या आधीच आला होता. मी पिशवीत बघितलं. गुलाबी, झालर लावलेला. मुलगी आता नववीत जाणार होती. मला संताप आवरला नाही. मी म्हटलं, "फ्रॉक पाठवते. इथवर यायला मात्र पाय उचलत नाही बाईचा."

मामीचा हात थांबला. तिनं सोऱ्या खाटेच्या कडेला ठेवला. मग म्हणाली, "ताई, तसं नाय वो ते. पन मला बोलता येत नाय. मला पोरीची शपत घातलीय तिनं."

मी काही म्हणणार, एवढ्यात तिनं माझ्याकडे पाठ केली आणि शेळीकडे तोंड करून बसली. "तुमाला नाय सांगत ताई. हिला सांगते," म्हणाली. मला हसू फुटलं. ती शेळीशी बोलायला लागली आणि माझं हसू जागच्या जागी थांबलं.

"ऐक गं बाई," मामी शेळीला सांगत होती. "पोर दवाखान्यातनं सुटली त्याच दिवशी वन्सं मागल्या दारानं आल्या माझ्याकडं. म्हनल्या, म्या शपत मोडली आनि ताप पोरीवर आला. या टायमाला देवानं सोडली, पुढल्या टायमाला नाय सोडायचा. मी म्हनलं, नका घेऊ मग. तर म्हनल्या, वयनी, घेनार नाय असं मला सांगता येत नाय. मन लय वढतंय. मी घरात राह्यले आनि घेतली, तर माझी पोर जाईल. मी तिची आईच राह्यले नाय, तर शपत लागंल कशी? म्हनून चालले. आनि पोरीला सांगायचं नाय, नायतर ती धावत येईल माझ्याकडं. तिला वाटू दे मी दारूपायी गेले."

शेळी रवंथ करत होती. मी कुरडयांच्या खाटेकडे बघत बसले. दवाखान्याच्या फाटकात ती बसली होती, पेजेचा डबा माझ्या हातात दिला होता, ते सगळं माझ्यासमोर उभं राहिलं. मुलीला आपला हात लागू नये म्हणून ती बाहेर बसली होती. मी आजार समजावत होते, घसरण समजावत होते, डास समजावत होते. ती ज्याला घाबरत होती त्याचं नाव माझ्या बोलण्यात एकदाही आलं नव्हतं. मला रडू आलं, आणि मामीनं शेळीकडेच बघत मला पदर दिला.

"एवढंच होतं?"

दारात मुलगी उभी होती. हातात कुरडयांचा चीक असलेलं पातेलं. तिनं सगळं ऐकलं होतं. मामीनं जीभ चावली. मुलगी रडत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर वैताग होता, सोपं गणित कुणी उगाच लांबवल्यावर यावा तसला.

"मग सुटली म्हनायचं की," ती म्हणाली.

लहानपणी आपण सगळ्यांनीच हे केलंय. कुणी शपथ घातली की त्याच्या मागं लागायचं, "सुटली म्हण, सुटली म्हण," आणि ज्याच्या हातात असेल त्यानं "सुटली" म्हटलं की शपथ गेली. खेळ पुढं चालू. मामी म्हणाली, "असं नसतंय गं बाय. ती तुमा पोरांची शपत. ही देवाची."

"डोकं माझं हाय ना?" मुलगी म्हणाली.

मामीनं तिच्या हातातलं पातेलं घेऊन खाली ठेवलं.

त्याच आठवड्यात मुलगी आणि मी खालापूरच्या बाजूला गेलो. मुलीनं फ्रॉकची पिशवी बरोबर घेतली होती, का ते तिनं सांगितलं नाही. आदल्या दिवशी लग्न झालेलं. कार्यालयाच्या मागे नळावर भल्यामोठ्या पातेल्यांचा ढीग होता, आणि त्यात ती बसली होती. फार वाळली होती. पोट तेवढं पुढं आलेलं. तिनं आधी मला ओळखलं आणि तोंड फिरवलं. मुलीला तिनं ओळखलं नाही. शाळेतली कुणी मोठी मुलगी माझ्याबरोबर आलीय असं तिला वाटलं असावं. मग मुलगी म्हणाली, "आई," आणि ती उठून मागं मागं गेली. एक कढई दोघींच्या मधोमध धरून उभी राहिली.

"जवळ येऊ नको गं."

"आई, शपत सुटली. मी म्हनते, सुटली."

"असं नाय सुटत."

"डोकं माझं हाय. माझ्या डोक्यावरची मी सोडली."

ती माझ्याकडे बघायला लागली. माझं बोलून झालं होतं, फार वर्षांपूर्वी. मग ती लेकीला म्हणाली, "मी अजून घेते गं. काल बी घेतली."

"घेतली तर घेतली," मुलगी म्हणाली. "शपत सुटली. आता तुझं तू बघ, पन मला कायपन होत नाय."

कढई खाली ठेवली तेव्हा तिचा मोठा आवाज झाला. तिनं पदराला हात पुसले. ते कोरडे झाले तरी पुसतच राहिली. मग हात उचलला. ती बुटकी, आणि मुलगी बापाच्या उंचीवर गेलेली. हात लेकीच्या खांद्यापर्यंत आला आणि तिथंच घुटमळला, कारण ज्या डोक्यावर तो ठेवायची तिला सवय होती ते डोकं तिच्या कमरेपाशी असायचं. मुलगी खाली वाकली. आईनं हात तिच्या डोक्यावर ठेवला.

आता ती काही बाजारांना आमच्याकडे येते. लोधिवलीच्या घरी राहायला जात नाही, पण मुलगी रविवारी तिच्याकडे जाते. मध्ये मध्ये घसरते, आणि पुढच्या बाजाराला येऊन सांगते, "ताई, परवा पडले." आम्ही चहा देतो. डॉक्टर तिच्या यकृताबद्दल जे सांगतात ते ऐकून मी घरी आले की भांडी जोरात आपटते. एवढी वर्षं माणसाला दारूतून बाहेर यायला पुरेशी होती. ती वर्षं तिनं लेकीच्या जिवाला जपत, एकटीनं, पिऊन काढली. याचं मला वाईट वाटतं, आणि ते कमी होत नाही.

पण सगळ्यात जास्त मनात राहिलंय ते त्या दिवशी परत येतानाचं बोलणं. बसमध्ये मुलगी खिडकीशी बसली होती. मांडीवर तो गुलाबी फ्रॉक. दाखवायला नेला आणि दाखवायचं राहूनच गेलं होतं. चौक गावाच्या अलीकडे ती म्हणाली, "मावशी, मला त्याच दिवशी कुनी इचारलं असतं ना, तर मी तवाच सुटली म्हनाले असते."

मी म्हटलं, "अगं, सात वर्षांची होतीस तू."

"मग काय झालं? सुटली म्हनता यायचं मला."

शपथेच्या दिवशी मोठी माणसं बोलत असताना तिनं माझी ओढणी ओढली होती. मी तिच्या हातात खोबरं दिलं होतं.